अकरा गोळ्यांची वाट

"आबाजी, मडक्यात हात घातल्यावर तुमच्या बोटांले खुणा समजतात का?"

मी हे विचारलं तेव्हा तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली, सगळं गाव बसलेलं होतं. आबाजींचा उजवा हात कोपरापर्यंत मडक्यात होता. तो तिथेच थांबला. चणे खाणाऱ्या पोरांची तोंडंसुद्धा थांबली.

खरं म्हणजे प्रश्न माझा नव्हता. रोशना आणि छकुली या माझ्या दोन मैत्रिणी. आदल्या दिवशी धुणं धुता धुता त्यांनी तो माझ्या गळ्यात घातला. "तू नाही विचारत," रोशना म्हणाली. "घरी विचारशील, कोपऱ्यात. सगळ्यायसमोर नाही." त्या वर्षी मी सातवीत होते आणि सव्वीस जानेवारीला शाळेत सूत्रसंचालन केल्यापासून माझ्या तोंडाला माईक लागला होता. त्याआधी मी वर्गात 'हजर' म्हणायलाही खाली बघायचे. पण एकदा सरपंचांना "आता दोन शब्द बोलावेत, दोनच" असं म्हणून लोकांना हसवल्यावर मला वाटायला लागलं होतं की जगात विचारता येणार नाही असं काही नाही. छकुली म्हणाली, "जाऊ दे व रोशना, तिचा आजा हाय, तिले लाज वाटंल." झालं. मी पिळलेली चादर दगडावर आपटली आणि म्हटलं, "उद्या पाह्यजा."

आता ही मडक्याची भानगड सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचं गाव ढिवरांचं, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांचं, गोंदियाकडचं. मालगुजारांच्या काळचा मोठा तलाव आहे आणि तो वर्षभर सगळ्यांचा. पण पाणी सोडायची दगडी मोरी, जिला आम्ही तुडूम म्हणतो, तिच्याजवळ एक डोह आहे. उन्हाळ्यात तलाव आटला की मोठाले मरळ मासे तिथे गोळा होतात. आबाजी लहान असताना एका वर्षी सगळ्यांनी एकदम तिथे डोंगे, म्हणजे आमच्या होड्या, घातले आणि मरळ संपवून टाकली. पुढे कितीतरी दिवस लग्नाच्या पंगतीतही मरळ दिसली नाही. तेव्हापासून ठरलं की अकतीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, मिरगाच्या पावसापर्यंत डोहात फक्त तीन डोंगे जातील. घरं चाळीसेक. मग कोणते तीन?

जाळं पाण्यात खाली बसावं म्हणून त्याला भाजलेल्या मातीच्या गोळ्या लावतात. तसलीच एक गोळी प्रत्येक घर मडक्यात टाकतं. माती ओली असताना प्रत्येकाने आपली खूण दाबलेली असते. कोणाची धानाच्या दाण्याची, कोणाची शिंपल्याच्या कडेची. आमच्या घरची नखाच्या तीन रेघांची. ज्याची गोळी निघाली त्याचा डोंगा डोहात. ज्याची निघाली नाही त्याची पुढच्या वर्षी एक गोळी जास्त. पुन्हा नाही निघाली तर आणखी एक. याला आमच्याकडे वाट म्हणतात. "तुमची वाट किती?" "आमची पाचाची." गोळी एकदा निघाली की त्या घराच्या सगळ्या गोळ्या तलावात बुडवायच्या आणि पुन्हा एकीपासून सुरुवात.

सरळ पाळी का लावत नाही, असं मी आबाजींना लहानपणी विचारलं होतं. ते जाळं विणता विणता म्हणाले होते, "पाळी लावली तं आज लगन झालेल्याचा डोंगा त्याचं पोट्टं नवरदेव होईल तवा डोहात जाईल. मग थो कायले दम धरते? रात्री चोरून जाईल. मडक्यात सगळ्यायले आशा हाय बाई. नव्याले थोडी, जुन्याले जास्त."

तर गावात सर्वांत जुनी वाट आमची होती. अकरा गोळ्या. आमच्यानंतर कोणाच्या फार तर सात. आणि तरीही आमची निघत नव्हती.

"अकरा गोळ्या असून निघत नाही म्हणजे काहीतरी हाय," रोशना म्हणाली होती. "आमचे बाबा म्हणते का सुखरामबुढ्याले डोळ्यानं दिसत नाही म्हणून त्याले बसवते, पण थो अंधारात जाळं विणते. त्याच्या बोटायले डोळे हायेत."

"मग आबाजीनं आपल्याच घरची नसती काढली का?" मी म्हटलं.

"थेच तर इचार ना त्याले."

यावर मी गप्प बसले असते, पण तिने पुढचं वाक्य टाकलं. "इचारून घे व देवे. मग कवा इचारशील? तुमचा डोंगा आमचे बाबा घेऊन रायले ना."

ते मला माहीत होतं, पण कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आमचे बाबा दर उन्हाळ्यात नागपूरकडे सिमेंटच्या कामावर जायचे आणि मिरगाला परत यायचे, खांद्यांची कातडी सोलून. त्या वर्षी बुटीबोरीच्या एका कारखान्यात कायमचं काम मिळत होतं, राहायला खोली होती. त्यांनी आईला सांगून टाकलं होतं, अकतीला गोळी निघाली तर राहतो. नाही निघाली तर सगळेच जाऊ, आबाजींनासुद्धा घेऊन. आणि घर गावातून उठलं की त्याच्या गोळ्या तलावात. दहा वर्षांनी परत आलात तरी वाट एकीचीच. हा नियम कोणी कोणासाठी कधी मोडला नव्हता.

बाबा हे बोलले तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचं माहेर वैनगंगेच्या काठचं. तिथे पोरी चालायच्या आधी डोंग्यात बसतात. आमच्या गावात बायका कडेकडेने झिंगे पकडतात, पण डोहाची गोळी निघाली की त्या घरचे नवराबायको दोघंही जातात. आई डोहात कधीच गेली नव्हती. आमची गोळी मागच्या वेळी निघाली तेव्हा मी दोन वर्षांची होते आणि मला गोवर निघाला होता. आई माझ्या उशाशी बसून राहिली. बाबा आणि आबाजी जाऊन आले. "पुढच्या वेळी," असं तेव्हा सगळे म्हणाले होते म्हणे.

भाकरी तव्यावर टाकून ती एवढंच म्हणाली, "अकतीपर्यंत तं थांबा."

तर, तलावाच्या पाळीवर.

आबाजींनी हात मडक्याबाहेर काढला. रिकामाच. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा पांढरा मोतिबिंदू होता आणि ते माणसाकडे न बघता त्याच्या आवाजाकडे बघायचे. त्यांनी तोंड माझ्याकडे केलं.

"समजतात," ते म्हणाले.

एवढंच. जसं कोणी विचारावं जेवलात का, आणि त्यांनी म्हणावं हो.

मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष बुधाजीकाका शेजारीच बसले होते. ते हसले. त्यांना वाटलं बुढा मस्करी करतोय. "काय समजते, सुखराम? एवढीशी गोळी."

"देऊन पाह्य."

बुधाजीकाकांनी मडक्यात हात घातला, एक गोळी काढून आबाजींच्या तळहातावर ठेवली. आबाजींनी ती अंगठ्याने एकदा फिरवली. "तुहीच हाय. शिंपल्याची कड. खाली तडा गेलेला हाय, नवीन कर."

दुसरी दिली. "फागोची. दोन दाणे, एक आडवा." तिसरी. "हे पोचूच्या नव्या घराची. खूण पुसट हाय, त्यानं माती सुकल्यावर दाबली." पोचू नुकतंच लग्न होऊन वेगळा निघाला होता. त्याची ही पहिलीच गोळी. तो मागे बायकोकडे बघून म्हणाला, "मी म्हटलं होतं ना ओली असतानाच दाबू," आणि ती म्हणाली, "तुमीच तं झोपले होते."

तेवढ्यात फागोकाका उठून उभे राहिले. फागोकाका म्हणजे रोशनाचे बाबा, तेच, आमचा डोंगा घेणारे. त्यांचा आवाज मुळातच भांडल्यासारखा.

"मंजे एवढे वर्ष तू वाटून देत होता का बुढ्या? ज्याले पाह्यजे त्याले? आमी येडे का? दिसत नाही म्हणून तुले बसवलं, का हात सोयरा-धायरा पाहणार नाही."

"मी वाटून नाही दिलं."

"मग?"

"जे हाताले लागलं थे काढलं. पहिली लागली थे पहिली." आबाजी थांबले. "एक सोडून."

"कोणती एक?"

आबाजींची बोटं धोतराच्या काठाशी चाळा करत होती. मी रोशनाकडे पाहिलं, ती माझ्याकडे पाहत नव्हती. पैज मी जिंकले होते आणि मला ती कोणीतरी परत घ्यावी असं वाटत होतं.

"आमची," असं बायकांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं.

ती आई होती. ती बसल्या जागेवरून उठली, पदर कमरेला खोचला आणि चालत मडक्यापाशी आली. आमच्याकडे सुना सासऱ्यासमोर एवढ्या लोकांत बोलत नाहीत. पण ती सासऱ्यांना म्हणाली, "आमचीच ना मामाजी? हाताले लागली का सोडून देत होते ना?"

"होय, कुंदा."

"किती वेळा?"

"कधी एकदा. कधी दोनदा. मागच्या साली तिन्ही वेळा लागली." ते आता जमिनीशी बोलत होते. "मले बसवलं त्या पहिल्या साली आपलीच हाताले आली. मी काढली. लबाडी नव्हती त्यात. पण त्या दिवशी घरी जाताना कोणी माह्या बिडीवर बिडी नाही पेटवली. कोणी बोललं नाही, पण नाही पेटवली. मी म्हटलं, आता माहा हात मडक्यात हाय तोपर्यंत आपल्या घरचं नाव नको. लोकायले वाटाव का बुढा साफ हाय."

"मंजे तुमी साफ राहाव म्हणून," आई म्हणाली.

"मी चोरी नाही केली, कुंदा."

"चोरीच केली, मामाजी. आमची केली."

हे ती ओरडून नाही म्हणाली. पण ते पाळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं असणार, कारण तिथे गायींना पाणी पाजणारा माणूसही वळून बघायला लागला. बाबा तोवर मोहाच्या बुंध्याला टेकून बसले होते. ते उठले. मला वाटलं आता ते आबाजींना काही बोलतील. ते फक्त म्हणाले, "दहा उन्हाळे, बा," आणि पुन्हा बसले.

मग जो गलका झाला तो काय सांगू. सगळे एकदम बोलत होते. कोणी म्हणालं मडकंच फोडा आणि पाळी लावा. कोणी म्हणालं जुनी वाट तीच पहिली, दरवर्षी ज्यांच्या जास्त गोळ्या ते तीन जातील, हात घालायचाच कशाला. त्यावर पोचूची बायको म्हणाली, "मंग आमी काय म्हातारपणी जाव का डोहात, काठी टेकत?" आणि तिला पहिल्यांदाच लोकांत बोलताना पाहून तिची सासूच हसली. बुधाजीकाकांनी हात वर केला.

"हे पाहा. झालं थे झालं. अन्याव सुखरामच्या घरावर झाला, दुसऱ्या कोणावर नाही. आपल्या सगळ्यायले उलट त्याचा फायदाच झाला. मी म्हणतो या साली एक जागा त्याच्या घराले देऊन टाकू. दोन काढू. काय फागो?"

फागोकाकांनी नाक खाजवलं. डोंगा हातचा जात होता. पण ते म्हणाले, "द्या. वाजवी हाय."

मी मनातल्या मनात बुटीबोरीच्या खोलीला कुलूप घालून टाकलं. बाबा राहणार. आई डोहात जाणार. आणि हे सगळं मी विचारल्यामुळे. मी आईकडे बघितलं, ती आता हसेल म्हणून.

"नाही," आई म्हणाली.

"काय नाही, सूनबाई?"

"असं नको. दिलेलं नको." तिचा चेहरा उन्हाने आणि रागाने लाल झाला होता. "आज दिली तं उद्या फागोभाऊजी म्हणतील माह्याकडं दुखणं होतं मलेबी द्या. परवा कोणी आणखी काही म्हणंल. मग मडकं कायले पाह्यजे? अन् मले जायचं हाय डोहात तं गोळी निघून जायचं हाय. कोणाच्या उपकारानं जाऊन मी तिथं मरळ पकडू का मान खाली घालून बसू?"

"अव, पण अकरा गोळ्या..."

"त्या राहू द्या ना मडक्यात. अकराच्या अकरा. फक्त कोणाले समजू नये अशा करा."

ते कसं करायचं हेही तिनेच सांगितलं. तलावातून काळा गाळ आणायचा, प्रत्येक गोळी त्यात लडबडवून काढायची, की सगळ्या सारख्याच गुळगुळीत. निघालेली गोळी मग पाण्याने धुवायची, तेव्हा खूण दिसेल.

आणि मग ती सकाळ सणासारखी झाली. अजूनही डोळे मिटले की मला ती पहिली दिसते, बाकीचं नंतर. मडकं गोणपाटावर पालथं केलं. पोरांनी टोपल्या भरभरून गाळ आणला. सगळ्या घरच्या बायकापोरी गोल करून बसल्या आणि दुसऱ्यांच्या गोळ्या आपल्या हातांनी माखायला लागल्या. गाळाला थंड, शेवाळासारखा वास होता. छकुलीने माझ्या गालाला एक बोट लावलं, मी तिच्या दोन्ही गालांना लावलं, रोशना लांब बसली होती तिच्या वेणीलाच लावलं. ती म्हणाली, "मी बोलत नाही तुह्याशी," आणि पाच मिनिटांत बोलायला लागली. पोचूची बायको गाणं म्हणत होती. एक म्हातारी म्हणाली, "आमच्या वेळी असं डोकं कोणी चालवलं असतं तं आमी बी गेलो असतो डोहात." आमच्या अकरा गोळ्या कोणाकोणाच्या हातात गेल्या मला कळलंच नाही. मी माखत होते त्या तर भलत्यांच्याच होत्या. त्या पाळीला आता सिमेंटचा कठडा आहे आणि रोशना लग्न होऊन देवरीला गेली. मी बारावीला तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहते आणि गाळाचा वास आला की मला अभ्यास सुचत नाही.

मग प्रश्न आला, काढणार कोण.

"पोट्टीनं इचारलं, पोट्टीच काढंल," कोणी म्हणालं. मी उठलेही होते. पण आईने माझ्या दंडाला धरून मला खाली बसवलं.

"मामाजीच काढतील," ती म्हणाली.

आबाजी इतका वेळ झाडाखाली एकटेच होते. त्यांच्यासाठी कोणी पाणीसुद्धा नेलं नव्हतं. "नको कुंदा," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाले सांग."

"तुमीच काढा. आता समजणार नाही तुमाले. या."

तिने त्यांचा हात धरून मडक्यापर्यंत आणलं. तांब्यात पाणी घेऊन स्वतः शेजारी बसली. आबाजींनी हात आत घातला. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांची बोटं आत काहीतरी शोधत होती आणि त्यांना काहीच सापडत नव्हतं. अंधारात घरचं दार चुकल्यासारखे ते गोंधळले. मग त्यांनी एक गोळी वर काढली आणि विचारलं, "कोणाची हाय?"

त्यांना हे विचारताना गावाने कधी ऐकलं नव्हतं.

आईने पाणी ओतलं, अंगठ्याने गाळ पुसला. "शिंपल्याची कड." बुधाजीकाकांच्या वाड्यातल्या पोरांनी उड्या मारल्या. आबाजी हसले. खरं सांगते, हसले. "त्याची काय? मले वाटलं फागोची."

दुसरी. "कोणाची?"

आई बराच वेळ पुसत होती. "खूणच नाही दिसत," ती म्हणाली, आणि मग, "पोचूभाऊजीची." पुसट खूण. पहिल्याच वर्षी, एकुलत्या एका गोळीवर. सगळं गाव हसलं. पोचू उठून उभा राहिला आणि त्याला काय करावं कळेना म्हणून पुन्हा बसला. त्याची बायको गाणं म्हणत होती ती पदर तोंडाशी घेऊन रडायलाच लागली.

तिसरी.

मडक्यात अजून आमच्या अकरा होत्या. अकरा म्हणजे बाकी कोणाहीपेक्षा जास्त. मला वाटत होतं, देवाला थोडं तरी गणित येत असेल. आबाजींनी या वेळी हात आत घालून फार वेळ लावला नाही. पहिली लागली ती काढली, आईच्या तळहातावर ठेवली आणि तिच्या आवाजाकडे तोंड करून थांबले. त्यांचे ओठ हलत होते. ते काय म्हणत होते ते मला माहीत होतं. मीही तेच म्हणत होते.

आईने पाणी ओतलं. गाळ निघाला. तिने गोळी अंगठ्याने एकदा पुसली, दुसऱ्यांदा पुसली.

"दोन दाणे," ती म्हणाली. "एक आडवा. फागोभाऊजी, तुमची."

आबाजी तसेच थांबले होते. "नाही का आपली?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "नाही, मामाजी." आणि तिने तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांच्या हातांवर ओतलं, बोटांमधला गाळ चोळून काढला, एकेक बोट करून, लहान पोराचे धुवावेत तसे. बुधाजीकाकांनी खिशातून बिडी काढली, पेटवली, आणि ती आबाजींच्या हातात देऊन आपली दुसरी त्यांच्या बिडीवर पेटवली.

घरी आल्यावर दुपारी आबाजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आईने भात टाकला. बाबा उंबऱ्यावर बसून पायाची बोटं मोजल्यासारखी बघत होते.

"झालं मग," शेवटी ते म्हणाले. "आता कोणाचा काही दोष नाही. फागोले उद्या डोंगा नेऊन देतो. सोमवारी निघू. हिचा शाळेचा दाखला काढा लागंल."

आई चुलीजवळून म्हणाली, "पुढच्या साली बारा झाल्या असत्या."

"असत्या. पण आपण नसू ना इथं."

"कोणी एक जरी राहिलं असतं घरात तं..." असं म्हणून ती थांबली, कारण आबाजी डोळ्यांनी एकटे राहू शकत नव्हते आणि बाबांच्या तिथल्या खोलीत स्वयंपाकाला ती लागणार होती. हे तिघांनाही ठाऊक होतं.

मी दारात उभी होते. माझ्या गालाला अजून गाळ होता. मला वाटलं होतं की मी काहीतरी विचारलं की सगळं नीट होईल, आणि तसं काही झालं नव्हतं. पण सकाळपासून आई जशी उभी राहिली होती तशी मी उभी राहिले. पदर नव्हता म्हणून ओढणीच कमरेला खोचली.

"बाबा, दाखला नका काढू," मी म्हणाले. "मी नाही येत. मी आबाजीजवळ राहीन. भात येते मले, वरण येते, भाकरी वाकडी होते पण होते. शाळा इथं दहावीपर्यंत हाय. पुढच्या अकतीले आपल्या बारा गोळ्या मी मडक्यात टाकीन."

"अन् डोंगा?" बाबा म्हणाले. "डोंगा काय सुकवत ठेवशील?"

"डोंगा फागोकाकाले द्यायचा नाही." मी आईकडे वळले. "आई, सोमवारपर्यंत तू मले डोंगा चालवायले शिकवून दे. ऊन उतरलं का आजच जाऊ."